कोरडी काठी

मेडशीच्या बस थांब्यापासून जरा पुढे आमचं मोटार वायंडिंगचं दुकान आहे. विहिरीवरच्या, बोअरमधल्या जळालेल्या मोटारी लोक आणून टाकतात. आम्ही जळकी तांब्याची तार उपसून नवी भरतो, वार्निश करतो आणि गिऱ्हाइकासमोर चालवून दाखवतो. दुकानाच्या भिंतीमागेच घर. त्या भिंतीवर मेन स्विचच्या शेजारी एक काठी टांगलेली असते. सागाची, छातीपर्यंत येईल एवढी, धरायच्या टोकाला सायकलच्या ट्यूबचं रबर घट्ट गुंडाळलेलं. खंडेनवमीला पाने, पकडी आणि स्क्रूड्रायव्हरबरोबर तिलाही हळदकुंकू लागतं. ओल्या हातानं तिला शिवलं तर बाबा मारायचे.

काठीचा नियम बाबांनी एका वाक्यात बसवला होता. "करंटले चिकटलेल्या माणसाले हात लावाचा नाही, काठी मारून सोडवाचा." हा नियम त्यांनी पुस्तकातून घेतलेला नव्हता. त्यांचा धाकटा भाऊ विहिरीवरच्या स्टार्टरला चिकटला होता. त्याला ओढायला शेजारच्या शेतातला माणूस धावला आणि तोही चिकटला. बाबा दहा पावलांवर उभे होते, जवळ काठी नव्हती, आणि त्यांनी हात लावला नाही. दोघं गेले, बाबा उरले. सख्खा भाऊ होता, तरी कसं बघवलं, असं एकदा मायनं विचारलं, तेव्हा ते म्हणाले, "हात लावला असता तर तू आज कोणाले इचारलं असतं?" त्यानंतर घरात हा विषय कोणी काढला नाही.

आम्हाला मात्र त्यांनी तयार केलं. जेवताना, गिऱ्हाइकाशी बोलताना ते मध्येच "काठी" म्हणून ओरडायचे, आणि हातातलं टाकून मी काठीपर्यंत पोचायचं. आधी मेन स्विच बंद, मग काठी, पायात रबरी चप्पल. क्रम चुकला की कानाखाली. माझं लग्न झालं, मला मुलगी झाली, तरी हे चालूच होतं. बायकोसमोर मी भाताचा हात तसाच घेऊन धावलो आहे, आणि "ओल्या हातानं धरतं काय" म्हणून बाबांनी तिच्यासमोरच मला थोबाडलं आहे.

त्यांचा दुसरा खेळ कंडेन्सरचा. मोटारीचा कंडेन्सर म्हणजे मुठीएवढा डबा, त्यात वीज भरून राहते. बाबा तो भरून ठेवायचे आणि कोणी बेसावध दिसला की त्याच्यापुढे करायचे. "घे, धर." धरणारा किंचाळायचा, दुकान हसायचं. गिऱ्हाईक, पाहुणे, पोस्टमन, त्यांनी कोणालाच सोडलं नाही. मी तर कितीदा धरला असेन याची गणती नाही. आपला बाप हातात काही देतो आहे आणि आपण घेत नाही, हे शिकायला मला बरीच वर्षं लागली. ते याला धडा म्हणायचे. मला विचाराल तर त्यांना मजा यायची.

मग त्यांना हृदयविकाराचा झटका आला. त्यातून ते उठले, पण हृदय कमजोर झालं, मधेच त्याची लय बिघडायची आणि ते नुसतंच थरथरत राहायचं. अशा वेळी माणूस दोन-चार मिनिटांत जातो, असं अकोल्याच्या डॉक्टरांनी सांगितलं. म्हणून डाव्या खांद्याखाली, कातडीच्या आत, एक यंत्र बसवलं. काडेपेटीहून थोडं मोठं, त्याची तार शिरेतून थेट हृदयात. लय बिघडली की ते यंत्र आतल्या आत विजेचा झटका देतं आणि हृदय ठिकाणावर आणतं. घरी आम्ही त्याला डबी म्हणायला लागलो.

घरी सोडायच्या दिवशी डॉक्टरांनी आम्हा तिघांना समोर बसवून समजावलं. बाबांनी चालू मोटारीपासून दूर राहायचं. एखादा झटका बसला तर घाबरायचं नाही, फोन करायचा. लागोपाठ दोन-तीन बसले तर एक मिनिट न थांबता इकडे आणायचं. "आणि झटका बसताना त्यांना धरलं तरी चालतं," डॉक्टर म्हणाले, "धरणाऱ्याला काही होत नाही. फार तर हाताला मुंग्या येतील."

बाबा हसले. "साहेब, बाकी सर्वं सांगा. करंटचं आमाले नोका सांगू."

मीही हसलो. चाळीस वर्षं विजेत हात घालणारा माणूस आणि त्याचा वीस वर्षं विजेत हात घालणारा मुलगा, आम्हाला हा पांढऱ्या कोटातला पोरगा करंट शिकवणार. डॉक्टरही बिचारे हसले आणि पुढच्या कागदाकडे वळले. एकटी माय हसली नाही. परतताना पातूरच्या घाटात ती एकदम म्हणाली, "धरलं तर चालते म्हने. मुंग्याच येतात नुसत्या."

"तुले काय समजते त्यातलं?" बाबा म्हणाले.

"राहू दे माय," मी म्हणालो. तिला घरातला फ्यूज बदलता येत नव्हता. तेवढ्यावरून आम्ही ठरवलं की तिला काही कळत नाही.

गावाला विषय मिळाला. ज्यांना बाबांनी कंडेन्सर धरायला लावला होता ते आता मोटार नसतानाही दुकानात डोकवायचे. "काय बुवा, कंडेन्सर पोटात बसवला म्हंते?" "अर्थिंग घेतलं का नाही?" बाबा शिव्या द्यायचे, लोक आणखी हसायचे. मी मान खाली घालून तार गुंडाळत असायचो आणि गालातल्या गालात हसायचो.

पहिला झटका दुकानातच बसला. एका मोटारीत मी तार उलटी जोडली होती, आणि बाबा चार गिऱ्हाइकांसमोर माझी लाज काढत होते. हात वर करून "याले पोसून काय फायदा" एवढं म्हणाले आणि कोणीतरी आतून लाथ मारावी तसे उडाले, स्टुलावर मटकन बसले. चेहरा पांढरा पडलेला. ज्यानं सगळ्या गावाला झटके दिले त्याला तो कसा लागतो हे मी पाहिलं, आणि मला बरं वाटलं. हे लिहिताना लाज वाटते, पण वाटलं ते वाटलं. एक क्षणभर मला वाटलं, घे, धर.

डॉक्टरांनी यंत्र तपासून सांगितलं की त्या दिवशी हृदयाची लय खरंच बिघडली होती, डबी नसती तर बाबा स्टुलावरून उठलेच नसते. मला वाटलं होतं बाबा खूश होतील. उलट ते भेदरले. जो माणूस चालू तार चिमटीत धरून दाखवायचा तो आता जिने चढताना थांबायचा, रागवायला तोंड उघडायचा आणि मिटायचा. छातीवर हात ठेवून बसायचा. "डबी कवा मारीन सांगता येत नाही," असं ते मायजवळ म्हणाले. मला कळलं होतं ते कशाची वाट बघत बसतात. लहानपणापासून मीही त्यांच्या हाताकडे तसाच बघत आलो होतो.

हरभऱ्याला पाणी द्यायचे दिवस होते. मोटारी जळायचा हंगाम, दुकानात पाय ठेवायला जागा नाही. भर दुपारी बाबा कोपऱ्यात बसून एका उघड्या मोटारीच्या खाचांमध्ये कागद भरत होते, मी एक मोटार चालवून बघत होतो. बाबा ओरडले. स्टूल उलटलं आणि ते जमिनीवर आले.

मी शिकवल्याप्रमाणे केलं. मेन स्विच बंद केला. चप्पल पायात होतीच. काठी काढली. तोवर बाबांना दुसरा झटका बसला, आणि मेन बंद असताना बसला. म्हणजे करंट त्यांच्या आतच आहे, एवढं माझ्या डोक्यात पक्कं झालं. माझ्यासमोर बाप नव्हता, चालू तार पडली होती.

भिंतीमागून माय धावत आली. ती भांडी घासत होती, कोपरापर्यंत ओली. ती सरळ बाबांवर झेपावली आणि मी तिच्या मनगटावर काठी मारली. जोरात मारली, नियम तसाच आहे. बांगड्या फुटल्या. ती मनगट धरून खाली बसली आणि म्हणाली, "साहेबानं सांगतलं होतं. काही होत नाही."

"साहेबाले काय समजते," मी म्हणालो. "ओल्या हाताची मरशीन तू."

लोक जमले. पंधरा-वीस माणसं असतील, कापसाचे गठ्ठे सहज उचलणारी. एकजण पुढे झाला तेव्हा मी काठी आडवी धरली. "हात लावू नोका, करंट हाये." तो थांबला, सगळेच थांबले. पोरीचं लग्न कुठे करायचं हे गाव आम्हाला विचारत नाही, पण करंटच्या बाबतीत आमचा शब्द शेवटचा असतो. ज्यांनी बाबांचा कंडेन्सर धरला होता ते तर दोन पावलं मागे सरले.

दारात आमची मोटारी आणायची छोटी मालवाहू गाडी उभी होती. बाबांना त्यात घालायचं कसं? मी म्हणालो, "बाबा, तुमीच चढा." दोन झटक्यांच्या मधे ते शुद्धीवर होते, घामानं भिजलेले. रांगत गाडीपर्यंत गेले. फळी धरून एक पाय वर टाकला आणि तिसरा झटका बसला. ते मागे पडले, हनुवटी फुटली. वीस माणसांनी ते पाहिलं आणि वीस माणसांनी हात मागे घेतले, मी सांगितलं होतं म्हणून. मग कोणीतरी कोरडी ताडपत्री आणली, काठीनं लोटत बाबांना तिच्यावर घेतलं, आणि चार कोपरे धरून, जळकी मोटार चढवतात तसं त्यांना वर चढवलं. या सगळ्यात अर्धा तास गेला.

शेजाऱ्यानं गाडी चालवायला घेतली. मायला मी पुढे बसवलं, दार बाहेरून लावलं. मागे बाबा आणि मी. गाडीचा तळ लोखंडी, म्हणून मी स्टेपनीच्या टायरवर उकिडवा बसलो, पाय वर घेऊन. काठी आमच्या दोघांमध्ये.

पातूरचा घाट लागायच्या आधी चौथा झटका बसला. तो बसला की बाबांची पाठ ताडपत्रीवरून उचलली जायची, पुन्हा आदळायची, आणि मग ते पुढच्याची वाट बघायचे. ती वाट बघणंच जास्त वाईट होतं. डोळे माझ्यावर. पाचव्यानंतर त्यांनी उजवा हात माझ्याकडे केला. बोटांना वार्निश लागलेलं.

"धर," ते म्हणाले.

मी हात मागे घेतला. काठी पुढे केली. रबराचं टोक माझ्याकडे, लाकडाचं त्यांच्याकडे. त्यांनी काठीकडे बघितलं, माझ्याकडे बघितलं, मग काठी धरली. घाटभर ते त्या काठीला धरून होते आणि मी दुसऱ्या टोकाला. मला तेव्हा वाटलं, मी किती शहाण्यासारखं वागतो आहे. डोकं ठिकाणावर ठेवलं, नियम मोडला नाही. कधी नव्हे ते बाबा आज शाबास म्हणतील, असंही वाटलं. पुढच्या काचेतून माय मान वळवून सारखी मागे बघत होती. तिनं काचेवर हात मारला, मी लक्ष दिलं नाही.

अकोल्याच्या दवाखान्यात मी काठी घेऊनच उतरलो. दारावरच्या वॉचमनला वाटलं मारामारीची केस आहे. आत एका बुटक्या नर्सनं बाबांना स्ट्रेचरवर घेतलं, एक हात त्यांच्या खांद्यावर दाबला, दुसऱ्यानं मनगट धरलं. हातमोजेही नव्हते. मी सांगायला तोंड उघडलं तेवढ्यात सातवा झटका बसला. बाबा उडाले. ती हललीसुद्धा नाही. त्यांना तशीच दाबून धरून ती माझ्यावर खेकसली, "उभे काय राह्यले? धरा ना त्यायले. पडतीन."

बाबांनी तिच्या हाताकडे बघितलं. कितीतरी वेळ बघितलं. मग मान वळवून माझ्याकडे बघितलं. मी काठी मागे लपवली, पण छातीपर्यंत येणारी काठी कुठे लपते.

इंजेक्शनं दिल्यावर झटके थांबले. डॉक्टरांनी विचारलं, मेडशीहून यायला इतका वेळ का लागला. मी रस्ता खराब आहे म्हणालो. पुढे शिरेतून तार घालून हृदयातली बिघडलेली जागा जाळली, गोळ्या बदलल्या. बारा दिवसांनी बाबा घरी आले. मायच्या मनगटाला तोवर पट्टी होती. नर्सनं विचारलं तेव्हा ती घसरून पडले म्हणाली होती.

मी काठी काढून माळ्यावर टाकली होती. दुकानात पाय ठेवताच बाबांनी भिंतीकडे बघितलं.

"काठी कुठं हाये?"

"काढून ठेवली."

"टांग. दुकानात लागते."

मी टांगली. त्याच वेळी बोलायला हवं होतं. चुकलो म्हणायचं होतं, तोंडातून निघालं, "तुमीच शिकवलं होतं, बाबा."

"हो," ते म्हणाले. "चांगला शिकला तू."

त्यानंतर त्यांनी माझ्या हातात कधी काही दिलं नाही. आमच्या धंद्यात वस्तू हातातून हातात जातात. एक जण मोटारीत डोकं घालून मागे नुसता हात करतो आणि दुसरा त्यात पाना ठेवतो. आता मी हात मागे केला की बाबा पाना फरशीवर ठेवायचे. मी वळून उचलायचो. चहाचा कप टेबलावर, पावती टेबलावर, माझ्या मुलीला कडेवरून उतरवायचं तर आधी जमिनीवर. गिऱ्हाइकांना काही दिसायचं नाही, कारण रागाचं काहीच नव्हतं. ते माझ्यावर ओरडायचेही थांबले होते. कंडेन्सरचा खेळही त्यांनी सोडला. मला कधीकधी वाटायचं, त्यांनी तो भरावा आणि माझ्यापुढे करावा. मी मुकाट्यानं धरला असता.

असे आठ महिने गेले. सोयाबीन पेरून झालं होतं, पाऊस दडी मारून बसला होता आणि लोकांनी बंद ठेवलेल्या मोटारी पुन्हा बाहेर काढल्या होत्या. दुपारी जेवून बाबा मागच्या खोलीत आडवे झाले. मी दुकानात एक साडेसात हॉर्सपॉवरची मोटार चालवून बघत होतो. बेअरिंग खडखडत होतं म्हणून बराच वेळ चालू ठेवली. तिच्या आवाजात कानाशी बोललेलं ऐकू येत नाही.

मोटार बंद केली तेव्हा माय दारात उभी होती. कधीपासून उभी होती माहीत नाही.

"बाबा गेले," ती म्हणाली.

मी आत धावलो. ते खाटेवर होते, तोंड जरा उघडं. चादर एका बाजूला गोळा झालेली. मी त्यांचा हात धरला. तेवढंही मला उशिराच सुचलं. त्यांच्या बोटांवर मायच्या बांगड्यांचे वळ उमटले होते, इतकं घट्ट त्यांनी तिचं मनगट धरलं होतं.

"झटके आले होते?" मी विचारलं.

"आले ना. सहा आले. मंग सातवा आलाच नाही."

"तू धरलं होतं त्यायले?"

"धरलं होतं."

मी तिच्या हातांकडे बघत होतो. मनगटाचं हाड अजून वाकडंच दिसतं. "तुले काही झालं नाही?"

"मुंग्या आल्या," ती म्हणाली. "जराशा."

भिंतीपलीकडे मी होतो. दारात गाडी उभी होती, टाकीत डिझेल होतं. अर्धा तास तर सोडाच, त्या दिवशी एक मिनिटही वाया गेलं नसतं. मी तिला खांदे धरून हलवलं, विचारलं, मला का नाही बोलावलंस, नुसती हाक का नाही मारलीस.

तिनं माझे हात खांद्यावरून काढले.

"म्या उठून राह्यली होती. त्यायनं हात सोडला नाही. म्हने, त्याले बोलावू नोको. थो काठी घेऊन येईन."